क्लाइड दुसऱ्यांदा गेला

अ‍ॅग्नेसचा नवरा वारल्याची बातमी अ‍ॅग्नेसला सर्वांत शेवटी कळली. वसईहून तिचा भाऊ स्टॅनली फोनवर हुंदके देत होता, "बाय, काय झालं गं हे अचानक? आम्हाला सांगायचं तरी!" आणि नवरा समोरच जेवणाच्या टेबलाशी बसून आपल्या विगावरून कंगवा फिरवत होता.

नवऱ्याचं नाव जेरार्ड व्हान डाल, हॉलंडचा. त्याच्या भाषेत म्हणायचं तर खेरार्ट. लग्नाआधी तो वसईतल्या निर्मळ गावी अ‍ॅग्नेसच्या घरी गेला आणि त्याने आपलं नाव सांगितलं, तेव्हा तिच्या आईला वाटलं, जावयाचा घसा धरलाय. ती उठून आत गेली आणि कोमट पाणी घेऊन आली. तेव्हापासून तो जेरार्डच झाला. वसईत जेरार्ड ढिगाने आहेत, त्यांत हा एक खपून गेला.

धंद्याने हा माणूस ट्रिब्यूट सिंगर. म्हणजे दुसऱ्या एखाद्या, बहुतेक वेळा मेलेल्या, गायकाचे कपडे घालायचे, त्याच्यासारखे केस लावायचे आणि त्याच्याच आवाजात त्याचीच गाणी म्हणायची. जेरार्डच्या वाट्याला आला होता क्लाइड रॉमर, एके काळचा अमेरिकन स्टार, कधीच वारलेला. तरुणपणी जेरार्ड बापाच्या बेकरीत पाव भाजायचा आणि स्वतःची गाणी रचायचा. गावच्या जत्रेत नकलांची स्पर्धा होती. मित्रांनी पुढे ढकललं म्हणून त्याने क्लाइडची नक्कल केली आणि पहिला आला. तिथेच घात झाला! मग सुट्टीतल्या कॅम्पांत गाणं, मग क्रूझवरची नोकरी आणि शेवटी दुबईतल्या हॉटेलांचे ब्रंच. अशाच एका हॉटेलात अ‍ॅग्नेस तुस्कानो फ्रंट ऑफिसला होती. तिने क्लाइडला ऐकलं आणि जेरार्डशी लग्न केलं.

संसार झाला, मरिसा झाली, ती शाळेत जाऊन बापाशी आणि आईशीही इंग्रजीत बोलू लागली. जेरार्डचे केस गेले, तरी क्लाइडचे काळेभोरच राहिले. उन्हाळ्यात विगाचा डिंक वितळून कानामागे ओघळायचा. दर वर्षी तो मॅनेजरला विचारायचा, "शेवटी एक माझं गाणं म्हणू का? एकच." आणि मॅनेजर त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "हबीबी, गेस्ट को क्लाइड चाहिए. नेक्स्ट सीझन देखते हैं, इन्शाल्ला." हा नेक्स्ट सीझन काही उगवला नाही. जेरार्ड घरी येऊन बूट आपटायचा, अ‍ॅग्नेस भांडी आपटायची, आणि पुन्हा वीकएंड आला की दोघं मिळून विग चिकटवायचे. असल्या जगण्याला नशीब म्हणतात लोक; अ‍ॅग्नेस त्याला शुद्ध वैताग म्हणायची.

तर त्याच्या मरणाची गोष्ट. दुबईतल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी अपर्णाने रविवारच्या कार्यक्रमासाठी जेरार्डला बोलावलं होतं. पोस्टर बनवायचं काम मंडळातल्या सुजीतकडे. अपर्णाने त्याला इंग्रजीत लिहून पाठवलं, 'ट्रिब्यूट, जेरार्ड व्हान डाल, रविवार, दुपारी चार, अल कुसैस.' सुजीतने ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या त्याचं मराठी करून टाकलं. ट्रिब्यूटला मराठीत काय म्हणतात? श्रद्धांजली. जेरार्डचा क्लाइडच्या काळातला वाटावा म्हणून काढलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो, भोवती फुलांची चौकट, वर ठळक 'श्रद्धांजली' आणि खाली 'सर्वांनी अवश्य उपस्थित राहावे.' एवढं पाहिल्यावर कोण मराठी माणूस त्याला गाण्याचा कार्यक्रम समजेल? ग्रुपवरून फिरत फिरत ते वसईलाही पोचलं.

"सॉरी हो अ‍ॅग्नेसताई," अपर्णा फोनवर रडवेली झाली. "सुजीतने चेकच नाही केलं. मी करेक्शन टाकलंय ग्रुपवर."

"करेक्शन?" अ‍ॅग्नेस कडाडली. "माझ्या माहेरी चर्चमध्ये त्याच्या नावाने मिसा सांगायला निघालेत लोक! अगं, जिवंत माणूस आहे तो!"

जेरार्डला मात्र आधी हसू आलं. खुर्ची ओढून तो म्हणाला, "वाच ना. काय लिहिलंय माझ्याबद्दल?" आणि अ‍ॅग्नेसला नवऱ्याचे शोकसंदेश नवऱ्याला भाषांतर करून सांगावे लागले. 'हुबेहूब क्लाइड.' 'डोळे मिटले की क्लाइडच समोर.' 'आज क्लाइड दुसऱ्यांदा गेला.' ती खाली खाली सरकत राहिली. एकानेही जेरार्डबद्दल काही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायला बिल्डिंगमधल्या एकाने लिहिलं होतं, 'सज्जन गृहस्थ. गाडी नेहमी रेषेच्या आत लावायचे.'

जेरार्डचं हसू केव्हाच विरलं होतं. "मी खरंच मेलो तर हेच लिहितील," तो म्हणाला. "खलास. रविवारी माझं गाणं म्हणणार. विग नाही, जॅकेट नाही." आणि अपर्णा इतकी ओशाळलेली होती की ती नाही म्हणूच शकली नाही.

रविवारी हॉल खच्चून भरला. मेलेला माणूस गाणार म्हटल्यावर कोण घरी बसेल! जेरार्ड उघड्या टकलाने, साध्या शर्टात स्टेजवर आला. त्याने म्हटलं बेकरीच्या दिवसांत रचलेलं डच गाणं, पहाटे सायकलवरून पाव पोचवणाऱ्या पोराचं. अर्थ कुणालाच कळत नव्हता, तरी लोक गप्प बसून ऐकत होते. अ‍ॅग्नेसचे डोळे भरून आले. झालं एकदाचं, असं तिला मनापासून वाटलं. टाळ्याही भरपूर पडल्या.

मग खलिफा सिटीहून आलेले उपेंद्रकाका काठी टेकत पुढे आले. "वा! क्लाइडचं हे गाणं मी कधी ऐकलंच नव्हतं. डचमध्येही गायलाय का तो?"

"काका, ते ह्याचं स्वतःचं गाणं आहे!" अ‍ॅग्नेस इतक्या जोरात म्हणाली की अपर्णाने चहा पुढे केला. घरी परतताना गाडीतही तिचा पट्टा चालूच होता. लोकांना कान नाहीत, अक्कल नाही, डोक्यात एकदा क्लाइड बसला की बसला. जेरार्ड गाडी चालवत होता.

मागच्या सीटवरून मरिसाने कानातले इअरफोन काढले. "बट मम्मा, अंकल वॉज राइट," ती म्हणाली. "डॅडा, इट वॉज युअर ओन साँग. देन व्हाय डिड यू डू क्लाइड्स व्हॉइस?"

जेरार्डने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून कुणीतरी हॉर्न मारून पुढे गेलं.

"मी नाही काढला तो आवाज," तो म्हणाला. मग अ‍ॅग्नेसकडे वळला. "तू सांग. माझा आवाज कसा आहे?"

त्याच्याशी भांडायला, त्याला समजवायला, मरिसाला दटावायला अ‍ॅग्नेसकडे एरवी शब्दांची कमी नव्हती. तिने तोंड उघडलं. पण तिने लग्नच त्या दुसऱ्या आवाजाशी केलं होतं, आणि ह्याचा स्वतःचा तिने कधी ऐकलाच नव्हता.