रिकामे तळवे

परवा नेपरव्हिलला सत्यनारायणाचा प्रसाद वाटून झाला आणि मी एक टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवले. शिऱ्याचं तूप बोटांना तसंच होतं. "बाबा, व्हाय डू यू डू दॅट?" लेकीने विचारलं.

कॅसिनोत पोकरचे पत्ते वाटायचो, तेव्हाची ही सवय. टेबल सोडताना डीलरने हात रिकामे असल्याचं वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचं असतं. मला खरं तर खेळाडू व्हायचं होतं. पत्ते वाटता वाटता प्रत्येकाचा डाव मनातल्या मनात मीच खेळायचो.

एका रविवारी दुपारी माझ्या छातीवरच्या बिल्ल्यातलं मराठी नाव वाचून एक काका टेबलावर येऊन बसले. डाव रंगला आणि त्यांच्या समोरच्या तरुणाने सगळ्या चिप्स, पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, पणाला लावत पुढे सारल्या. काका गडबडले. हळूच मराठीत म्हणाले, "तू काय केलं असतंस रे?"

डीलरने सल्ला दिला तर नोकरीच जायची. तरी तोंडून निघून गेलं, "पत्ते टाकून डाव सोडला असता, काका."

त्यांनी पत्ते टाकले. डाव जिंकलेल्या तरुणाने आपले पत्ते न दाखवताच माझ्याकडे सरकवले. मी ते पालथेच कॅटमध्ये मिसळले. उलटून बघायची मुभा नव्हती; ते खरंच भारी होते की नुसती हूल, कळलंच नाही.

"बरोबर केलं ना?" काकांनी विचारलं. तेवढ्यात माझी पाळी संपली. मी तळवे दाखवून उठलो.

तेव्हा माझ्यातला खेळाडू बोलला, की माझी भीती? त्यानंतर खेळायला मी कधी बसलोच नाही.

"काही घेतलं नाही, हे दाखवायला," मी लेकीला म्हटलं. ते तरी खरं आहे का, कोण जाणे.