हेदरची वही

परदेशात, पामर्स्टन नॉर्थ शहरातल्या एका बियाणे-प्रयोगशाळेत मृदुला फक्त मंगळवारी आणि गुरुवारी जायची. ओल्या कागदावर रुजत घातलेल्या बिया तपासायच्या, किती उगवल्या ते लिहायचं. काम आवडीचं होतं. पूर्वी पुण्यात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. पण प्रयोगशाळेत जे काही घडायचं ते बुधवारी. मीटिंग बुधवारी, मॉर्निंग टी बुधवारी, वाढदिवसाचे केकसुद्धा बुधवारीच. मृदुलाचं आपलं नेहमी वरातीमागून घोडं.

घरी तरी कोण बोलायला होतं? नवरा, यशोधन, विद्यापीठातून दमून यायचा. लेकीला, इराला, मराठीत काही विचारलं की ‘येस मम, नो मम’. बाई अगदी एकटी पडली होती.

तिला धरून ठेवलं होतं ते हेदरने. हेदर तिथली सर्वांत जुनी तंत्रज्ञ. तिने मृदुलाच्या टेबलावर एक वही ठेवली होती आणि बुधवारचं सगळं ती त्यात लिहायची. नवं कपाट आलं, साहेब चिडले, शेजारच्या टेबलावरच्या आरोनच्या बाळाला दात आला. कामाच्या सूचना ई-मेलवर यायच्याच हो, पण दाताची बातमी कोण पाठवतो? गुरुवारी प्रयोगशाळेचा कोट चढवायच्या आधी मृदुला वही उघडायची.

मार्च २००५मधल्या एका गुरुवारी हेदरची खुर्ची रिकामी दिसली. वहीत लिहिलं होतं, ‘आज विशेष काही नाही. खिडकीतल्या ट्रेला पाणी घाल.’ मृदुलाने पाणी घातलं. चहाच्या वेळी फ्रीजमध्ये केकचा तुकडा दिसला, वर तिच्या नावाची चिठ्ठी.

“हा कसला केक?”

“हेदरचा,” आरोन म्हणाला. “काल रिटायर झाली ना! नेल्सनला गेली, मुलीकडे, कायमची. तुला माहीत नव्हतं? आम्हाला वाटलं, तिनेच सांगितलं असेल. तुला सगळं तीच सांगते.”

मंगळवारी निघताना हेदरने दोनदा ‘बाय’ म्हटलं होतं, ते मृदुलाला आत्ता आठवलं. तिला रडू आलं, रागही आला. जगाच्या खबरा लिहिणाऱ्या बाईला स्वतःची एक ओळ जड झाली? आणि बाकीच्यांपैकी एकाने सांगितलं असतं, तर काय जीभ झिजली असती?

तिने हेदरच्या ओळीखाली मराठीत लिहिलं, ‘मी बुधवारी आले असते.’

पुढच्या गुरुवारी कोट चढवायच्या आधी तिने सवयीने वही उघडली. तिच्या ओळीखाली पान कोरं होतं.