परदेशी पाहुणीची दुभाषी

विठ्ठलवाडीच्या आमच्या आरोग्य केंद्रात परदेशातून एक विद्यार्थिनी आलेली. इंटर्नशिपला. सहा आठवड्यांत ती आमची तब्येत, आमच्या समजुती आणि जमलंच तर आमचं मन, असं सगळं समजून घेऊन परत जाणार होती. मी तिथे एकोणीस वर्षं नर्स आहे, मला अजून आमचे डॉक्टरसुद्धा समजलेले नाहीत. पण माझं इंग्रजी बरं, म्हणून दुभाषीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पोरगी तशी गोड. दाराला लिंबू-मिरची दिसली की वहीत अर्धं पान लिहायची. एका आजींनी दृष्ट काढली, तर हिने मीठ-मोहऱ्यांचे फोटो काढले. मनात म्हटलं, बाई गं, मीपण घरातून निघताना देवाला हात जोडते, माझ्यावरही लिही की एखादा धडा!

मग आम्ही एका काकूंकडे गेलो. काकू साताऱ्याकडच्या, टीबीचं औषध चालू. पाहुणी येणार म्हणून पलंगावर नवी चादर, पोह्यांवर ओलं खोबरं, सगळा थाट. पोरीने इंग्रजीत विचारलं, गोळ्या रोज घेता का? मी मराठीत विचारलं. काकू हसतहसतच म्हणाल्या, "कुठलं गं! तीन आठवडं झालं, सोडल्यात. लय मळमळतंय. हिला नको सांगू हां, परक्या माणसासमोर शोभा नको."

आणि मी, एवढी अनुभवी बाई, मान डोलावून म्हणाले, "येस, येस, एव्हरी डे!" काकूंची कसली लाज राखतेय, डोंबल! माझी पेशंट गोळ्या सोडते, हे मला पोरीच्या वहीत जाऊ द्यायचं नव्हतं. उद्या येऊन काकूंना दटावू, असं ठरवलं. उद्या पोलिओची मोहीम निघाली, परवा मीटिंग, मग राहूनच गेलं.

निरोपाच्या दिवशी पोरीने पडद्यावर काकूंचा हसरा फोटो दाखवला. आमच्या केंद्राचं घवघवीत यश! डॉक्टर खूश. मला म्हणाले, "सिस्टर, या काकूंकडे आता सारखं जायची गरज नाही. नवीन पेशंट बघा." टाळ्या पडल्या. शेवटी मी उठले आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकलं. पोरगी लालबुंद झाली, समोशांना कोणी हात लावेना.

तशीच तडक काकूंकडे गेले. खोकला जिन्यातच ऐकू आला. भीतीने माझा आवाज चढला. "काकू, जिवावर उठलायत का स्वतःच्या? अजून गोळ्या का नाही सुरू केल्या?"

काकू गोंधळूनच म्हणाल्या,

"अगं, तुला तर सांगितलं होतं ना मी? तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, नाही घेतल्या तरी चालतंय."