हात सांभाळायला शिकवणाऱ्या देवरेबाई

डॉ. इंदुमती देवरेबाईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती मुलाखतीला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला बाईंची छोटी प्रयोगशाळा होती. मी प्रमाणपत्रं पुढे केली, तर बाई म्हणाल्या, आधी हात दाखव. मला वाटलं, या भविष्य बघतात की काय! मग त्यांनी समजावून सांगितलं की, माणसाच्या घामात आरएनएचे तुकडे पाडणारं विकर असतं. नुसतं बोट लागलं तरी आठवड्याची मेहनत मातीत जाते. नोकरी मिळाली आणि पहिल्या दिवसापासून माझ्या हातांवर रबरी हातमोजे चढले.

बाईंचं काम कोंबड्यांच्या रक्ताच्या कर्करोगावर. तो ज्या विषाणूमुळे होतो, त्याच्या पोटात आरएनएचा धागा असतो आणि त्या धाग्याला घट्ट धरून बसलेलं प्रथिन असतं. पेशीत हजारो आरएनए असताना हे प्रथिन नेमका आपलाच कसा उचलतं, हा बाईंचा प्रश्न. बाई मूळच्या नामपूरच्या, घरी कांद्याची शेती. लासलगावच्या बाजारात वडील आपली गोणी तोंडाला बांधलेल्या चिंधीवरून ओळखत, तशीच काही खूण या आरएनएवरही असणार, असं त्या सांगत. आम्ही प्रथिन आणि आरएनए एकत्र ठेवून मीठ वाढवत न्यायचो आणि पकड कुठे सुटते ते बघायचो. वीज मात्र ऐन वेळी जायची. गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसत आणि आमचं शीतकपाट बंद! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाई सगळ्यांवर करवादत आणि मग स्वतःच रिक्षातून बर्फाची लादी घेऊन येत.

तोंडाने फटकळ, पण मनाने फार मायाळू. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून त्या माझ्यासाठी रोज डाळिंबाचे दाणे सोलून आणायच्या आणि मी ते संपवेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

आता जे सांगणार आहे, ते सांगणं आजही सोपं नाही. आजारी कोंबड्यांचं रक्त आम्ही मागच्या पडवीत काढायचो, आणि तेही उघड्या हातांनी. हसू नका. हातमोजे महाग, धुऊन, पावडर लावून पुन्हा पुन्हा वापरायचे. आणि आमच्या लेखी ते होते आरएनएला आमच्यापासून वाचवायला. आम्हाला विषाणूपासून वाचवायला हवं, हे इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही तोंडून कधी निघालं नव्हतं.

एके सकाळी कोंबडी फडफडली आणि तिच्या रक्ताने भरलेली सुई माझ्या अंगठ्यात घुसली. मला पाचवा महिना होता. त्याच सुमारास माणसाच्या रक्तातल्या एड्स या नव्या रोगाच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या होत्या, आणि त्याचा विषाणू आमच्याच विषाणूच्या भाऊबंदांपैकी. पोटात बाळ हललं तरी भीती, नाही हललं तरी भीती. डॉक्टर हसले, कोंबडीचं दुखणं माणसाला लागत नाही म्हणाले. घरच्यांनी देवाला नवस बोलून टाकला. मला कशानेच धीर येईना. शेवटी बाईंना विचारलं.

बाईंनी दार लोटलं. "माणसाला हा रोग झाल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "याहून जास्त काही सांगितलं तर ते खोटं होईल." मग त्यांनी सांगितलं की, मी नोकरीला लागण्याआधी अशीच सुई त्यांनाही लागली होती. तेव्हापासून दर वर्षी त्या रक्त तपासून घेतात. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला भीती नाही वाटत? मी विचारलं. एरवी आमच्याशी शुद्ध पुस्तकी मराठीत बोलणाऱ्या बाई एकदम अहिराणीवर आल्या.

"वाटस ना, पोरी. माले बी भेव वाटस."

त्या क्षणी मी किती रडले! पण त्या रडण्याने मोकळं वाटलं. दुसऱ्या दिवशी पडवीत नव्या हातमोज्यांची जोडी आली, आणि त्यानंतर मी प्रसूत होईपर्यंत प्रत्येक कोंबडीचं रक्त बाईंनी स्वतः काढलं.

मुलगी धडधाकट जन्मली. आता बालवाडीत जाते. तरी तिचं अंग जरा तापलं की मी रात्रभर तिच्या उशाशी बसून राहते. असा विषाणू अंगात वर्षानुवर्षं दडून बसू शकतो, हे शिकवणारं पुस्तक बाईंनीच मला वाचायला दिलेलं. मात्र दर वर्षी स्वतःच्या रक्ताची तपासणी झाली की बाई आमचा जिना चढून येतात, "नीट आहे" एवढंच म्हणतात आणि चहा घेऊन जातात.

आज बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. आपण सारे त्यांना दीर्घायुष्य चिंतणार. मीही चिंतते, पण माझ्या चिंतण्यात स्वार्थ आहे, तो मोठ्या मनाने समजून घ्यावा. बाई, तुमची सुई माझ्याआधीची. जे काही व्हायचं असेल, ते आधी तुम्हाला होईल. म्हणून तुम्ही शंभरी गाठा, ठणठणीत राहा. तुम्ही जिना चढून येत राहाल, तोवर माझ्या लेकीचा ताप हा मला नुसता ताप वाटेल.