गुलाबरावांची वही

कडुनिंबाखालचा चहा मी बंद केला, ही माझी चूक. त्याच आठवड्यात गुलाबरावांना वही दिली, ही त्याहून मोठी. वर दोन्हींबद्दल मालकांची शाबासकी घेतली.

गेल्या महिन्यात त्यांच्या गावाहून, रामाकोन्याहून निरोप आला, गुलाबराव गेले. वाईट वाटलं, आणि जुना रागही उफाळून आला... या माणसानं मला शेवटपर्यंत काहीएक सांगितलं नाही.

पांढुर्ण्याच्या आमच्या जिनिंगमध्ये ते कापूस पारखत. गाडी आली की त्यातली सरकी दाताखाली धरायची. कट् झालं तर कापूस कोरडा, नुसती दबली तर ओला. ओला कापूस गंजीत, म्हणजे रचलेल्या ढिगात, गेला की आतून तापतो, म्हणून सगळी जिनिंग त्यांच्या दातांवर चाले. मी हजेरी-नेमणुका बघणारा बाबू. छप्पन साली प्रांत फुटला, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हा मालकांनीही माणसं वाटली. गुलाबराव नागपूरच्या शाखेकडे गेले. जाण्याआधी एका हंगामात त्यांची विद्या इथल्या दोघांना द्यायची, हे काम माझ्या गळ्यात पडलं.

खरं तर ती विद्या रोज वाटली जातच होती. दुपारच्या चहाला गुलाबराव मूठभर सरकी घेऊन कडुनिंबाखाली बसत, एकेकाला चावायला लावत आणि चुकणाऱ्याला म्हणत, "तुह्या दाताले अक्कल नाही बे." मला त्या चकाट्या वाटल्या. चहा बंद करून त्याच वेळेला मी त्यांना कचेरीत बसवलं, पुढ्यात जाड वही ठेवली. पहिल्या पानावर स्वतः लिहिलं : ओला कापूस कसा ओळखावा?

"आता उत्तर लिहा."

"काय लिहू साहेब? तोंडात घालून पाहा न. कायले कागद खराब करून राहिले?"

सरकी चावणं बाबूला शोभत नाही, असं मला वाटे. हंगामभर ते कोऱ्या वहीसमोर हाताची घडी घालून बसले, मी चरफडत राहिलो, आणि शेवटी 'शिक्षण पूर्ण' असं मीच सही करून कळवलं.

पुढच्या हंगामात ते दोघं शिकाऊ एका गाडीपाशी अडले आणि मला विचारायला आले. मी वही उघडली, कोरं पान पाहिलं आणि गाडी आत घ्या म्हणालो... चौथ्या दिवशी गंजी धुमसायला लागली. निरोप मिळताच गुलाबराव रजा टाकून सकाळच्या गाडीनं आले, हातांनी गंजी उपसली, निम्मी वाचवली. कडुनिंबाखाली जाऊन बसले आणि म्हणाले, "चहा सांगा." जाताना वही मात्र मागून घेतली.

परवा रामाकोन्याला भेटायला गेलो तेव्हा गुलाबरावांच्या पत्नीनं, वहिनींनी, पेटीतून तीच वही काढून दिली. माझ्या प्रश्नाखाली एक अक्षर नव्हतं. पानात एक सरकी मात्र होती. आयुष्यात पहिल्यांदा मी सरकी दाताखाली धरली, बराच विचार केला आणि विचारलं, "वहिनी, ही ओली की कोरडी?"

"वीस वर्सं झाले तिले पेटीत, भाऊ. वाळली नसन काय? अन् तुम्ही अजूनही इचारूनच राहिले."