फुंदुक की खंदक

हुसैनमियाँ, तुमच्यासारखा गवंडी इथे ओमानात सहमपासून खाबुऱ्यापर्यंत शोधून सापडायचा नाही. पण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ‘खलास’ म्हणायची तुमची खोड भयंकर आहे. हर्णैहून आलात तेव्हापासून असेच, असं तुमच्याच मालकाकडे नोकरीला असलेला माझा मुलगा धनंजय सांगतो.

त्या मालकाला, तुमच्या अर्बाबला, शेतावर फ्रान्समधल्या एका जुन्या गढीसारखी वास्तू हवी होती: कोपऱ्यांवर गोल बुरूज, चहूकडे पाणी. त्यानं फोटो पाठवला आणि फोनवर म्हणाला, आधी फुंदुक. म्हणजे हॉटेल, पाहुण्यांच्या खोल्या. तुम्ही ऐकलंत खंदक. खलास! आठवड्यात खणूनही मोकळे.

आमच्या बाथरूमच्या फरशा बसवताना हे मला सांगितलंत.

“पण बाई, खंदक अरबीच शब्द ना?”

“अरबीच. म्हणून काय त्यात पाहुणे झोपवायचे?”

तिकडे कोकणात तुमच्या लेकीचा, अमरीनचा निकाह तोंडावर आलेला. अर्बाब म्हणाला, खड्डा बुजव, मग रजा. तुम्ही फावडं उचललंत, तोवर त्याच्या नातवंडांनी आत पाणी आणि बदकं सोडलेली. मग हुकूम बदलला: बुजवू नकोस, वर उचलता येणारा पूल कर, मग रजा.

“साखळ्या, तुळया, लोहार... लेकीला पोर होईल तोवर, बाई.”

मी इतिहास शिकवण्यात जन्म घालवलाय. फोटो मोठा करून दाखवला. “दारावर या उभ्या खाचा बघा. उचलत्या पुलाच्या तुळया यात बसायच्या. पुढे तोफा आल्या, खंदकाला कोण भीक घालतो? गढीच्या मालकांनी बाण मारायच्या फटी फोडून खिडक्या केल्या आणि दगडी पूल बांधला. हा बघा, पक्का.”

“म्हणजे पक्काच असली?”

“दोन्ही असली. तुम्हाला पक्का सोयीचा.”

“मग अर्बाबला तुम्हीच सांगा, इंग्लिशमध्ये. माझ्या तोंडून त्याला पटायचं नाही.”

शुक्रवारी न्यायला येणार होतात. मी इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून बसले. आला तो फोन, मस्कतच्या विमानतळावरून.

“बाई, रजा मिळाली. बोललो, उचलत्या पुलाला कोकणचं सागवान लागतं, जाऊन आणतो.”

“आणि पक्क्या पुलाचं?”

“ते आता बोलू नका हां. सागवान कॅन्सल होईल.”

निकाहाचे फोटो पोचले. अमरीन गोड दिसते. सागवानाचा पत्ता नाही, अर्बाब रोज धनंजयला विचारतो, आणि पक्क्या पुलाचं सांगायला मी अजून अर्बाबकडे गेलेली नाही.