पाऊण तास एकाच पानावर

माझा ब्लॉग किती लोक वाचतात, हे मी बरेच दिवस अंगठ्यांवरून ठरवत होते. जळगावकडचा आमचा सगळा गोतावळा एका ग्रुपवर आहे. मी नव्या लेखाची लिंक टाकली रे टाकली की धडाधड अंगठे, फुलं, नमस्कार! मला वाटायचं, वा, जयपुरात बसून आपण अख्ख्या खानदेशाला वाचायला लावलं.

मग एके दिवशी ह्यांनी ब्लॉगची आकडेवारी कुठे दिसते ते दाखवलं. रेल्वेतला माणूस, ह्यांना आकड्यांशिवाय चैन पडत नाही. बघते तर काय, अंगठे पंचवीस आणि लेख उघडणारे तिघं! त्यातली एक मीच. जाऊबाईंनी तर "डोळ्यांत पाणी आलं" असं लिहिलं होतं. न उघडताच पाणी! अस्सा राग आला म्हणून सांगू.

मी माझ्या स्वतःच्या भेटी मोजणं बंद केलं. उरलेल्यांत एक भेट मात्र चमत्कारिक होती. जयपूरहूनच, मोबाइलवरून, रोज सकाळी आठच्या सुमारास, तोच एक लेख आणि तब्बल पाऊण तास. लेख पाच मिनिटांचा. लग्नानंतर इथे आले तेव्हा हिंदी येईना, ओळखीचं कुणी नाही, लेक पोटात. एक दिवस बॅग भरून मी माहेरी निघाले होते, त्याबद्दलचा. घरात कधी न बोललेलं मी तिथे लिहिलं होतं, म्हणून तर कुणी वाचावं असं फार वाटत होतं.

"कुणाचा तरी फोन उघडा राहत असेल," हे म्हणाले.

"रोज? आठलाच?"

"मग मशीन असेल एखादं."

झालं. म्हणजे माझा एकमेव इमानदार वाचक मशीन! रात्री जेवताना मी जाहीर करून टाकलं, "रविवारी ब्लॉग बंद करतेय. भिंतीशी बोलायची हौस फिटली माझी."

लेकीचा घास हातातच राहिला. ती इथेच वाढली, शाळा हिंदीत झाली. घरी आमच्याशी मराठी बोलते, तीही निम्मी हिंदीच. सकाळी आमच्या मानसरोवर भागातून बस धरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, सीतापुऱ्याला कॉलेजला जाते. तिला मराठीतलं कधी काही वाचायला दिलं की दुसऱ्या ओळीला जांभई. म्हणून ग्रुपवर सगळ्यांना लिंक पाठवली, पण तिला पाठवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"बंद नको ना करू," ती म्हणाली. "मतलब, माझं अजून संपलं नाहीये."

"काय संपलं नाही?"

"तुझा लेख. बसमध्ये वाचते मी. एकेक ओळ दोनदा वाचावी लागते, मग कुठे कळतं. सीतापुरा येईपर्यंत एक पॅरा होतो फक्त."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच मिनिटांच्या लेखाशी माझी पोर रोज पाऊण तास झगडत होती, आणि मी अंगठे मोजत बसले होते. इतका आनंद मला पंचवीस वाचकांनी झाला नसता.

"कुठवर आलीस?" मी कसंबसं विचारलं.

"तू बॅग घेऊन स्टेशनवर बसलीयेस. गाडी लागलीये."

"अगं, मग मी..."

"आई!" तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "सांगू नको. मी वाचतेय ना."